एकच पळी

शिमग्याला आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याच्या पानात ओल्या काजूगरांची उसळ पडली नाही, असं होत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू म्हणजे पीक, पैसा आणि पाहुणचार, तिन्ही एकदम. फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यातच आहे, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथल्याच. अशा गावात माझी भाची सुट्टीला येते, आणि तिला काजू 'चालत नाही'. हा आमचा शब्द. डॉक्टरांनी वापरलेला शब्द वेगळा होता, पण तो आम्ही नीट ऐकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा सहा वर्षांची. बहिणीनं डोंबिवलीहून आल्या आल्या स्वयंपाकघरात सांगितलं, "तिला काजू देऊ नका हां." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी पंगतीत वाढायला मी होतो. भाचीच्या पानात उसळ वाढली नाही, एवढं माझ्या पक्कं लक्षात होतं. तिला भात वाढला, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं, सोलकढी दिली. फक्त सांबारं वाढलं ते ज्या पळीनं आधीच्या दोन पानांवर उसळ वाढली होती, त्याच पळीनं.

दहाएक मिनिटांत ती म्हणाली, "मामा, जीभ टोचतेय." मग घशात केस अडकलाय म्हणाली. मग उलटी झाली. गळ्यावर, पोटावर लाल गांधी उठल्या. आई म्हणाली, "पित्त झाला गो तिका," आणि अंगाला लावायला आमसुलं भिजत घालायला धावली. कुणी म्हणालं उन्हातून आलीय, कुणी म्हणालं झोपू दे जरा. बहीण मागीलदारी होती. मुलगी खोकायला लागली, आवाज घोगरा झाला, तेव्हा कुठे तिला कुणीतरी हाक मारली. ती माडीवर धावली, पर्समधून इंजेक्शनचं पेन आणलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत टोचलं. पुढे तालुक्याचा दवाखाना, रात्रभर देखरेख. सकाळी भाचीनं बिस्किट मागितलं.

नंतर आम्ही बसून वेळ मोजला. पहिल्या उलटीपासून पेन टोचेपर्यंत वीसेक मिनिटं गेली होती. त्या वीस मिनिटांत घरात नऊ मोठी माणसं होती, त्यातला एक शिक्षक. म्हणजे मीच.

म्हणून हे लिहितोय. खाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असलेल्या अशा मुलांच्या आईबापांना सांगायला डॉक्टर असतात. माझ्यासारख्यांना, म्हणजे मामा, आजी, आत्या, शेजारची काकी, शाळेतल्या बाई, ज्यांच्या हाती मूल तास-दोन तासच असतं, त्यांना कुणी काही सांगत नाही. सांगितलंच तर "काजू देऊ नका" एवढंच, आणि ते मी पाळलं होतं.

घोळ शब्दांपासून सुरू होतो

मराठीत 'ॲलर्जी' हा शब्द आपण वापरून वापरून बोथट केलाय. धुळीनं शिंका आल्या की ॲलर्जी, दूध पचलं नाही की ॲलर्जी, आणि एखादा माणूस आवडत नसला तरी "मला त्याची ॲलर्जी आहे". दूध न पचणं ही तर ॲलर्जीच नव्हे. दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी पडतो, पोट फुगतं, जुलाब होतात, त्रास होतो, पण त्यानं जीव जात नाही. दुधातल्या प्रथिनांची खरी ॲलर्जी असलेल्या मुलाचा जाऊ शकतो. दोघांची आई एकच वाक्य बोलते: "त्याला दूध चालत नाही."

दुसरा शब्द 'पित्त'. अंगावर गांधी उठल्या की आपण पित्त उठलं म्हणतो. पित्त म्हटलं की डोक्यात पोट येतं, जागरण येतं, ऊन येतं, आणि हात आपोआप कोकमाकडे जातो. आमच्या आईनं चूक केली ती अडाणीपणानं नव्हे, भाषेनं तिला ज्या दिशेला ढकललं त्या दिशेला ती गेली. एरवीच्या गांधींना आमसुलाचं पाणी लावून थंड वाटतही असेल. पण खाल्ल्यानंतर लगेच गांधी आणि त्यासोबत उलटी, खोकला किंवा आवाजात बदल, हे पित्त नव्हे. याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

हा शब्द गावात कुणाच्या तोंडात बसणार नाही, आणि बसवण्याची गरजही नाही. मी आता लोकांना सांगतो, फुरसं चावलं असं समजा. कोकणात फुरशाबद्दल कुणाला प्रवचन द्यावं लागत नाही. फुरसं लहान असतं म्हणून कुणी हसत नाही, "बघूया थोडा वेळ" म्हणत नाही, इंजेक्शन लागणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काजूचा कण लहान, पण घाई तेवढीच करायची. डॉक्टर ही उपमा ऐकून नाक मुरडतील, कारण इथे विष कुठेच नसतं. त्यांचं खरं आहे.

मग असतं काय?

आपल्या गावांत राखणदार असतो ना, वेशीवरचा? शरीरालाही असतो. रोगजंतू, जंत वगैरे चोर ओळखणं हे त्याचं काम. कधी कधी तो एखाद्या पाहुण्यालाच चोर समजून त्याची खूण पाठ करून ठेवतो. काजूतलं एखादं प्रथिन, कोळंबीतलं, अंड्यातलं, शेंगदाण्यातलं. ही खूण म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडं. ती कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींवर चिकटून वाट पाहत राहतात. खूण पाठ होते त्या वेळी वरून काहीच दिसत नाही. म्हणून "मागे खाल्ला होता तेव्हा काही झालं नव्हतं" या वाक्याला अर्थ नसतो. पुढच्या वेळी तोच पाहुणा दिसला की मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामीन व इतर रसायनं एकदम बाहेर पडतात.

पुढचं समजायला बागेतला पाट डोळ्यांसमोर आणा. माडांना पाणी सोडलंय आणि पाटाचा बांध दहा ठिकाणी फुटला. फुटला तिथे चिखल होतो, आणि शेवटच्या माडाला पाणी पोचत नाही. रक्तवाहिन्यांचं हेच होतं. त्या सैल पडतात, झिरपू लागतात. झिरपलेलं पाणी साचतं तिथे सूज: ओठ, डोळे, जीभ, घसा. आणि वाहिनीत उरत नाही म्हणून रक्तदाब कोसळतो, मूल पांढरंफटक पडतं, मलूल होतं. त्याच वेळी श्वासनलिका आवळतात. बाहेर दिसणाऱ्या गांधी हा या सगळ्यातला सर्वांत बिनधोक भाग, आणि आपण नेमक्या त्यांच्याकडेच बघत बसतो. काही मुलांना तर गांधी उठतच नाहीत.

ॲनाफिलॅक्सिस या शब्दामागची गोष्ट समुद्रावरची आहे, म्हणून सांगायचा मोह आवरत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर निळसर फुग्यांसारखे, लांब दोऱ्या असलेले विषारी जीव वाहून येतात, ज्यांना आता सगळे ब्लू बॉटल म्हणतात. त्यांचंच भाऊबंद असलेल्या जीवाच्या विषाचा अभ्यास १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुरू केला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचलं. कल्पना अशी, की सवय होईल. झालं उलटं. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी लहान डोसानं काही मिनिटांत मेला. रिशेला पुढे १९१३ साली नोबेल मिळालं. "थोडं थोडं देऊन सवय लावूया" म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना मी ही गोष्ट सांगतो.

बांध बुजवणारं औषध एकच

ॲड्रेनालिन. ते सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. चारही कामं, काही मिनिटांत. सेटिरिझिन किंवा एव्हिलची गोळी यातलं काहीच करत नाही, ती फक्त हिस्टामीनची खाज कमी करते, आणि तीही सावकाश. गोळी दिल्यावर मूल थोडं शांत झालं की घरच्यांना हायसं वाटतं, हाच धोका. खाज थांबली म्हणजे बांध बुजला असं नव्हे.

घाई का करायची, याचा एक आकडा मला कायम लक्षात राहिलाय. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसनं झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंमध्ये श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला वेळ सुमारे ३० मिनिटांचा निघाला. म्हणजे निम्म्या जणांना तेवढाही मिळाला नाही. आमच्या गावातून ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायला त्याहून जास्त लागतात, गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाची तर गोष्टच सोडा. एकूण पाहता असे मृत्यू कमी, बहुतेक मुलं सावरतात. पण समोरचं मूल कुठल्या बाजूला जाणार, हे पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही सांगता येत नाही. म्हणून दवाखान्यात नेऊन इंजेक्शन असा क्रम नाही. आधी इंजेक्शन, मग दवाखाना.

ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं. कपड्यावरून चालतं. स्प्रिंगची तयार पेनं भारतात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, बरीच कुटुंबं ती बाहेरून मागवतात आणि ती महाग पडतात. ॲड्रेनालिनची काचेची कुपी मात्र स्वस्त असते, एक मिलीलीटरमध्ये एक मिलीग्रॅम. काही डॉक्टर कुपी आणि सिरिंज देऊन पालकांना भरायला शिकवतात. डोस वजनावर ठरतो, किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला त्या कुपीतले ०.२ मिलीलीटर. पण हा हिशेब मामानं ऐनवेळी करायचा नसतो. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला कागद औषधासोबतच हवा, आणि सिरिंजवर खूण केलेली हवी. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस लागतो, म्हणून नेहमी दोन.

"उगाच टोचलं आणि तसं काही नसलंच तर?" हा प्रश्न मलाही पडला होता. छाती धडधडते, हात थरथरतात, मूल घाबरतं, आणि थोड्या वेळानं ओसरतं. न टोचल्याच्या किमतीच्या पासंगालाही हे पुरणार नाही.

टोचल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, पाय उशीवर उंच. पाटाचा विचार केला तर कारण कळेल: उरलेलं पाणी हृदयाकडे यावं म्हणून. दम लागला असेल तर बसू द्यावं, उलटी होत असेल तर कुशीवर. पण उभं करायचं नाही, "चल, मोरीवर तोंड धू" म्हणून चालवायचं तर मुळीच नाही. अचानक उभं राहिल्यानं रक्तदाब कोसळून माणसं गेलेली आहेत. आम्ही भाचीला न्हाणीघरापर्यंत चालवत नेलं होतं. त्याचा विचार आला की आजही पोटात खड्डा पडतो. मग १०८. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिन असायलाच हवं, कारण लसीनंतर क्वचित असाच झटका येतो आणि लसीकरणाच्या किटमध्ये ते ठेवलेलं असतं. सुट्टीला आलेल्या मुलाच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी जवळच्या केंद्रात जाऊन चौकशी करून ठेवावी. आम्ही तेव्हापासून करतो, सिस्टरना आता भाचीचं नावही माहीत झालंय.

आणखी एक. पेन फ्रिजमध्ये नको, उन्हातल्या गाडीतही नको. मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते सांगायला नको. त्यावर मुदत असते, मुदत संपलेली पेनं बहीण आता टाकत नाही. गेल्या गणपतीत आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं ती केळीच्या बुंध्यात टोचली. माझ्या बायकोनं पहिल्यांदा पेन उलटं धरलं होतं, सुई तिच्या अंगठ्यातच गेली असती. केळीवर चुकलेलं बरं.

काजू नसलेला काजू

पळीकडे परत येतो. ज्याला आपण 'लागलेलं' म्हणतो, तेवढंसं काही मुलांना पुरतं. कोकणी स्वयंपाकघरात हे लागणं कुठे कुठे होतं याची यादी आई आणि मी करायला बसलो, आणि दोन कप चहा झाला तरी संपेना. वाटप करताना मिक्सरच्या भांड्यात आधी काय होतं? मोदकाच्या सारणात काजूचे तुकडे. पंचखाद्यात खरं तर पाच 'ख', पण सढळ हाताच्या घरात सहावा काजू येतोच. मुंबईहून येणारे चाकरमानी काजूकतली आणतात. पिस्ता काजूचा इतका जवळचा नातेवाईक, की काजू न चालणाऱ्या बहुतेकांना पिस्ताही चालत नाही. म्हणजे हिरवी बर्फीही गेली.

आंबाही त्याच कुळातला, बिब्बाही. पण आंब्याचा गर भाचीला चालतो, डॉक्टरांना विचारूनच सुरू केला. नारळ या भानगडीत बसत नाही. कवच त्यालाही असलं तरी काजू न चालणारी बहुतेक मुलं नारळ खातात. नाहीतर आमच्या घरात तिनं खाल्लं तरी काय असतं?

काजू भाजताना टरफलातून जे तेल उडतं आणि कातडी सोलवटते, तो प्रकार वेगळा. ते तेल कुणालाही पोळतं. काजू सोलून बायांच्या बोटांची सालं जातात त्याला कुणी ॲलर्जी समजू नये, आणि "आमचीपण बोटं जातत, मरत नाय कोण" हा युक्तिवादही करू नये. दोन्ही मी ऐकलेत.

कोळंबीची गोष्ट याहून चिवट. माझ्या शाळेत एक मुलगा आहे, त्याला सुंगटं चालत नाहीत. कोळंबी, खेकडे यांच्यातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन उकळून, तळून मरत नाही. काही जणांना तर शिजणाऱ्या कोळंबीच्या वाफेनंही त्रास होतो. माशांची ॲलर्जी ही निराळी, तिच्यामागचं प्रथिन निराळं. त्यामुळे हा मुलगा बांगडा मजेत खातो. पण खानावळीत नाही, कारण तिथे सुरमई आणि कोळंबी एकाच रव्याच्या ताटात घोळतात आणि एकाच तव्यावर तळतात. बटाट्याची कापंसुद्धा त्याच रव्यात. त्यात सोडे आणि जवळा. वांग्याच्या भाजीत चार सोडे चवीपुरते, चटणीत कुटलेला जवळा. वाढणारी बाई म्हणते "वशाट नाय त्यात", आणि तिच्या लेखी ते खरंच असतं. म्हणून "वशाट आहे का?" विचारायचं नाही. "सोडे, सुकट, जवळा, कोळंबी यातलं काही टाकलंय का?" असं नाव घेऊन विचारायचं.

पाकिटातल्या खाण्याला थोडा आधार आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गहू वगैरे ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट हे आठ गट वेगळे लिहावे लागतात. तीळ त्या यादीत नाहीत, म्हणून तिळाची ॲलर्जी असलेल्यांना पूर्ण घटकयादी वाचावी लागते. हॉटेलांना हा नियम लागू होतो तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. स्टँडसमोरच्या बेकरीला नाही. सुट्या खाऊला तर लेबल कुठून येणार? तिथे माणसालाच विचारायचं.

हात धुणं हाही विषय आहे. काजू खाल्लेल्या हातानं गालगुच्चा घेतला तर बहुधा तिथेच दोन गांधी उठतील, त्यानं फार काही होत नाही. पण मूल तोच हात तोंडात घालतं. आणि काजू खाऊन लगेच पापी घेणाऱ्या आत्या तर सगळ्याच घरांत असतात. सॅनिटायझरनं प्रथिन जात नाही, ते फक्त पसरतं. साबण आणि पाणीच लागतं.

प्रसाद कसा नाकारायचा?

नाकारायचा नाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी सुचलं, आणि सगळ्यात अवघड गाठ तिथे सुटली.

आमच्या वाडीत गणपतीत आरत्या घरोघरी होतात. रात्री दहा-बारा घरं. प्रत्येक घरात मुलांच्या हातावर काहीतरी पडतं, आणि अंधारात, टाळांच्या गजरात, कोण काय देतंय ते कुणाला दिसत नाही. पहिल्या वर्षी बहीण प्रत्येक दारात "नको नको" करत राहिली. लोक दुखावले. मुलीला वाटायला लागलं आपण काहीतरी गुन्हा करतोय. माणसं माया करतात ती हातावर काहीतरी ठेवून. तो हात मागे लोटला की माया लोटल्यासारखी वाटते, आणि मग ती मागच्या दारानं येते. "आईक सांगू नको हां बाये," म्हणून पेढा देणारी माणसं दुष्ट नसतात. ती त्या घरातली सर्वांत प्रेमळ माणसं असतात.

आता भाचीच्या गळ्यात लहान झोळी असते, आजीनं शिवलेली. प्रसाद मिळाला की दोन्ही हातांत घेते, कपाळाला लावते आणि झोळीत टाकते. घरी आल्यावर झोळी आईकडे जाते आणि बदल्यात केळं, खडीसाखर, खोबऱ्याचा तुकडा मिळतो. झोळीतलं बाकी सगळं मी खातो. मामाला हे प्रायश्चित्त झेपतं. देणाऱ्याचा मान राहतो, मुलीचा राहतो. आणि तिच्या तोंडात एकच वाक्य पक्कं बसलंय: "आईला दाखवून खाते." सहा वर्षांच्या मुलीला काजू ओळखता येईल असं धरून चालू नये, पण हे वाक्य येतं.

'सवय लावू' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट मी प्रामाणिकपणे कबूल करतो. त्यांच्या म्हणण्यात सत्याचा कण आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगातून दिसलं, की धोका असलेल्या तान्ह्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले तर पाच वर्षांपर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटतं. पण ती ॲलर्जी व्हायच्या आधीची गोष्ट, आणि बाळांची आधी तपासणी करून. झालेल्या ॲलर्जीवरही मिलीग्रॅमच्या मापानं वाढवत नेण्याचे उपचार आहेत, ते दवाखान्यात, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून करतात. काकांच्या ओसरीवर नव्हे. शिवाय एकाच मुलाला आज थोडं चाललं म्हणून उद्या चालेल असं नसतं. ताप असेल, धावून आलं असेल, दमा भडकला असेल, तर तेवढ्यानंच झटका मोठा येतो. दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत तर काडीइतकीही हयगय नको.

शाळेत मी काय बदललं? वाढदिवसाची चॉकलेटं आता वर्गात फोडत नाहीत, घरी नेतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना त्या मुलाचं नाव आणि चेहरा माहीत आहे, निव्वळ यादी नव्हे. त्याचं औषध मुख्याध्यापकांच्या कुलुपाच्या कपाटात नाही. किल्ली असलेला माणूस बैठकीला तालुक्याला गेलेला असतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. ते वर्गात, फळ्याशेजारी, मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर लाल पिशवीत टांगलेलं असतं. सहलीला ती पिशवी त्या मुलासोबत असणाऱ्या शिक्षकाच्या खांद्यावर. पुढच्या गाडीत नव्हे.

घरी आम्ही भिंतीवर कागद चिकटवलाय. त्यावर ॲलर्जी म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. लिहिलंय: खाल्ल्यावर उलटी, खोकला, घोगरा आवाज, सूज, मलूलपणा यातलं काही दिसलं की पेन. पेन खुंटीवरच्या निळ्या पिशवीत. टोच, आडवी कर, १०८. आणि खाली कुणाचं काम कोणतं. आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही, तिचं काम भाचीजवळ बसून तिला उठू न देणं. बायको टोचणार. मी फोन करणार.

शेजारचे रिक्षावाले काका अजून म्हणतात, "काजून कोण मरता? सगळी थेरां." तीन वर्षं समजावलं, फुरसं झालं, पाट झाला, फ्रेंच कुत्रा झाला. ते हसतात. शेवटी बहिणीनं त्यांना पटवायचं सोडलं आणि काम दिलं: आम्ही हाक मारली की रिक्षा उलटी फिरवून पाणंदीच्या तोंडाशी आणायची, कारण रुग्णवाहिका तिथपर्यंतच येऊ शकते. गेल्या शिमग्याला पालखीच्या आदल्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता रिक्षा पाणंदीकडे तोंड करून लावली होती, टाकी भरून. विचारलं तर म्हणाले, "माका काय पटूक नाय हां. पण सांगितलंस म्हणान लावलंय."